बेसाल्टच्या महाराष्ट्रात फेल्डस्पार बाहेरून का आणावा लागतो?

कराडजवळ चिनी मातीच्या कपबशा आणि बरण्यांचा छोटा कारखाना काढू पाहणाऱ्या एका उद्योजकाने विचारलं आहे: ‘सह्याद्रीच्या काळ्या दगडात निम्मा फेल्डस्पार असतो असं वाचलं. आमच्याकडे खडीच्या खाणी आहेत, क्रशरची भुकटी जवळजवळ फुकट मिळते. मग फेल्डस्पार राजस्थानातून का आणायचा? आणि आणायचाच तर पोटॅश घ्यायचा की सोडा? माल पारखायचा कसा?’

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फेल्डस्पार म्हणजे भट्टीत वितळून चिनी मातीच्या मिश्रणाला काचेसारखं बांधून ठेवणारं खनिज. दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे त्या काळ्या दगडाचा, निम्म्याच्या आसपास भाग फेल्डस्पारचाच असतो. तरीही ती भुकटी तुमच्या पांढऱ्या मालाला चालणार नाही, आणि ती का चालत नाही हे नीट समजलं की पुढचे दोन्ही प्रश्न सोपे होतात. फेल्डस्पारचा तुटवडा जगात कुठेच नाही. भूकवचाचा निम्म्याहून अधिक भाग या एका खनिजगटाने व्यापला आहे. दुर्मीळ असतो तो कामाचा फेल्डस्पार, म्हणजे योग्य जातीचा, मोठ्या तुकड्यांत एका जागी साठलेला आणि लोहापासून सुटा. मी भूशास्त्र शिकून पुढे सिरॅमिकच्या कच्च्या मालातच काम केलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

आधी खनिजाची घडण. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची तिन्ही दिशांना पसरलेली जाळी असते. फेल्डस्पारमध्येही तशीच जाळी आहे, पण सिलिकॉनच्या काही जागांवर अ‍ॅल्युमिनियम बसलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतभार सिलिकॉनपेक्षा एकाने कमी. ही तूट भरून काढायला जाळीच्या पोकळ्यांत पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम येऊन बसतो. पोटॅशियम बसला तर ऑर्थोक्लेज, मायक्रोक्लिन किंवा सॅनिडिन, म्हणजे बाजारातला पोटॅश फेल्डस्पार. सोडियम बसला तर अल्बाइट, म्हणजे सोडा फेल्डस्पार. कॅल्शियम बसला तर अनॉर्थाइट. अल्बाइट ते अनॉर्थाइट या दोन टोकांमध्ये सोडियम आणि कॅल्शियम कोणत्याही प्रमाणात मिसळू शकतात, आणि या सगळ्या मालिकेला प्लेजिओक्लेज म्हणतात. भट्टीत फेल्डस्पारकडून जे काम आपण करून घेतो ते या पाहुण्या अणूंमुळे होतं. म्हणून ‘फेल्डस्पार आहे का’ यापेक्षा ‘आत कोण बसलंय’ हा प्रश्न महत्त्वाचा.

आत कोण बसणार हे शिलारस थंड होताना ठरतं. नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञाने 1913 साली प्रयोगशाळेत प्लेजिओक्लेज वितळवून दाखवून दिलं की कॅल्शियमवाला फेल्डस्पार सर्वांत जास्त तापमानाला घट्ट होतो आणि तापमान उतरेल तसा पुढचा फेल्डस्पार अधिकाधिक सोडियमचा होत जातो. शुद्ध अनॉर्थाइट सुमारे 1550 अंश सेल्सिअसला वितळतो, शुद्ध अल्बाइट 1118 ला. पोटॅशियम बहुतांशी शेवटपर्यंत रसातच राहतो. आपला बेसाल्ट म्हणजे खोलवरून आलेला, फारसा न निवळलेला रस. त्यात पोटॅशियम ऑक्साइड एक टक्क्याच्याही आत आणि सोडियम ऑक्साइड दोन-अडीच टक्के. साहजिकच त्यातला फेल्डस्पार मुख्यतः लॅब्रॅडोराइट, म्हणजे कॅल्शियमकडे झुकलेला. तुम्हाला हवाय नेमका उलट्या टोकाचा.

दुसरी अडचण कणांच्या आकाराची. लाव्हा जमिनीवर आल्यावर लवकर गोठला, त्यामुळे बेसाल्टमधले फेल्डस्पारचे स्फटिक सहसा एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि ते पायरॉक्सिन व लोह-टायटॅनियमच्या काळ्या कणांत गुंतलेले. एकूण दगडात लोहाची ऑक्साइडं बारा-चौदा टक्के. पांढऱ्या कपबशीच्या फेल्डस्पारमध्ये लोह 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली लागतं. एवढं गुंतलेलं सुटं करायचं तर सगळा दगड पिठासारखा दळायचा आणि मग चुंबकाने वेगळा करायचा. त्यातून हाती येईल तो चुकीच्या जातीचा फेल्डस्पार. हिशेब कुठेच बसत नाही.

भुकटी पूर्ण वाया जाते असं मात्र नाही. बेसाल्ट 1200 अंशांच्या आसपास वितळतो, आणि लोहामुळे त्याची गडद तपकिरी ते काळी काच होते. जगात अनेक ठिकाणी कुंभार स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांच्या, काळ्या-तपकिरी ग्लेझमध्ये (काचेसारख्या झिलईत) बेसाल्टची पूड घालतात. लोणच्याच्या बरणीच्या तपकिरी भागासाठी तुम्ही तिचे प्रयोग जरूर करा. चाळून घ्या, बॉल मिलला (कठीण गोळे घातलेल्या फिरत्या पिंपात) चांगली दळा, थोड्या मातीबरोबर आणि फेल्डस्पारबरोबर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून चाचणीचे तुकडे भाजा. कराडच्या दगडाचा रंग तुमच्या बरणीवर उतरला तर मला मनापासून आनंद होईल.

आपल्या फेल्डस्पारचं रूप डोळ्यांनी बघायचं असेल तर कसारा घाटात जा. थळ घाटाच्या आणि इगतपुरीच्या परिसरात, तसंच मंचरकडे, बेसाल्टचे असे थर आहेत की ज्यांत प्लेजिओक्लेजचे स्फटिक काही सेंटिमीटर लांब वाढलेले आहेत. यांना ‘जायंट प्लेजिओक्लेज बेसाल्ट’ म्हणतात. ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर करड्या-काळ्या पार्श्वभूमीवर पांढरट, चपट्या पट्ट्या दिसतात, काही एकट्या, काही झुबक्याने. रस वर येण्याआधी खाली कोठीत साठून राहिला होता, तिथे हे स्फटिक निवांत वाढले, आणि मग उद्रेकात रसाबरोबर वर आले. पश्चिम घाटातल्या लाव्ह्याच्या थरांचा क्रम लावताना भूवैज्ञानिक या थरांचा खुणेसारखा उपयोग करतात. महामार्गाच्या कापात ते सहज दिसतात, पण मी सुरक्षित जागी गाडी लावूनच बघायला सांगेन.

आता तुम्हाला हवा तो फेल्डस्पार. तो ग्रॅनाइटच्या कुळातला, आणि त्यातही पेग्मटाइटमधला. ग्रॅनाइटचा रस जवळजवळ पूर्ण गोठत आला की उरलेल्या शेवटच्या भागात पाणी, पोटॅशियम, सोडियम आणि इतरत्र कुठे न मावलेली मूलद्रव्यं गोळा होतात. हा पातळ, पाणीदार रस भेगांत शिरतो आणि त्यात अणू सहज हलू शकत असल्याने स्फटिक प्रचंड वाढतात, हातभर आणि कधी माणसाच्या उंचीचेही. एकीकडे गारगोटी, एकीकडे फेल्डस्पार, एकीकडे अभ्रकाची पुस्तकं, सगळं हातोड्याने वेगळं करता येईल इतकं सुटं. निसर्गाने शुद्धीकरण आधीच करून ठेवलेलं असतं. बेसाल्टमध्ये नेमकं तेच झालेलं नाही.

राजस्थानात अरवलीच्या पट्ट्यात अजमेर, भिलवाडा, राजसमंद या भागांत अशा पेग्मटाइट शिरा भरपूर आहेत. आंध्र प्रदेश आणि तेलंगणातूनही माल येतो. राजस्थानातलं ब्यावर हे दळणाचं मोठं केंद्र, तिथून माल गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांना जातो. जगाच्या बाजारात तुर्कस्तान सोडा फेल्डस्पारचा फार मोठा पुरवठादार आहे.

महाराष्ट्राच्या पोटात ग्रॅनाइट नाही असं समजू नका. नांदेडला देगलूर-बिलोलीच्या बाजूला तो उघडा पडलेला आहे. त्याचा गुलाबी रंग पोटॅश फेल्डस्पारचाच. पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गातही जुने खडक वर आलेले आहेत. आणि तुमच्या अगदी शेजारी, कोयनेला, भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली तेव्हा सुमारे 930 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी पायाभूत खडक लागला. म्हणजे तो आहे, पण जवळजवळ किलोमीटरभर लाव्ह्याखाली. जो माल बाजारात पोत्यांनी विकतात त्यासाठी इतकं खोल कोणी जात नाही.

भट्टीतलं काम सांगतो, कारण पोटॅश की सोडा याचं उत्तर तिथे आहे. गारगोटी एकटी वितळवायला 1700 अंशांहून अधिक तापमान लागतं, आणि चिनी मातीही जवळपास तेवढंच मागते. पण या दोघींबरोबर फेल्डस्पार असला की 1000 अंशांच्या थोडं खालीच पहिला द्रव तयार व्हायला लागतो. तापमान चढतं तसा हा घट्ट, चिकट द्रव कणांमधल्या फटींत शिरतो, कण एकमेकांकडे ओढले जातात, भांडं आकसतं, थोडी गारगोटी त्यात विरघळते, मातीतून मुलाइट या खनिजाच्या सुया वाढतात. थंड झाल्यावर या द्रवाची काच होते आणि सगळ्याला एकत्र बांधून ठेवते. पोर्सिलेनची घणघण आणि पाणी न शोषण्याचा गुण इथून येतो. विट्रिफाइड टाइलमध्ये पाण्याचं शोषण 0.5 टक्क्याच्या आत ठेवतात, त्यासाठी बॉडीत, म्हणजे ज्यातून वस्तू घडते त्या मूळ मिश्रणात, बराच मोठा वाटा फेल्डस्पारचा असतो. जुन्या पद्धतीच्या पोर्सिलेनची सुरुवातीची कृती सोपी आहे: 50 भाग माती, 25 भाग फेल्डस्पार, 25 भाग गारगोटी. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

सोडा फेल्डस्पार लवकर वितळतो आणि त्याचा द्रव पातळ असतो. टाइल रोलर किल्नमध्ये (फिरत्या रुळांवरून माल पुढे सरकवणाऱ्या भट्टीत) तासाभराच्या आत भाजून बाहेर येते, तिथे हा वेग कामाचा. पोटॅश फेल्डस्पार 1150 अंशांच्या सुमारास वितळायला लागतो, पण एकदम नाही. त्यातून आधी ल्युसाइट नावाचं घन खनिज आणि चिकट द्रव असे दोन भाग होतात आणि पूर्ण द्रव व्हायला बरंच जास्त तापमान लागतं. या संथपणामुळे भांडं आपला आकार धरून राहतं. भट्टीच्या एका कोपऱ्यात वीस अंश जास्त झाले तरी बशी वाकत नाही. विजेच्या इन्सुलेटरवाले म्हणूनच पोटॅशला धरून असतात. तुमच्यासारख्या छोट्या, अजून हात न बसलेल्या भट्टीला माझं स्पष्ट मत आहे: बॉडीत पोटॅश घ्या. ग्लेझमध्ये सोडा वापरून बघायला हरकत नाही. त्याने चकाकी चांगली येते, मात्र सोड्याचं प्रसरण जास्त असल्याने जास्त झाला तर ग्लेझला बारीक तडे जातात.

एक गोष्ट कारखान्याचा आराखडा करतानाच ठरवा. 1000 अंशांवर भाजणार असाल तर फेल्डस्पारवर पैसे घालू नका. त्या तापमानाला तो बहुतांशी नुसता पडून राहतो. 1200 अंशांच्या वर जाणारी भट्टी असेल तरच त्याचं काम दिसतं.

माल पारखणं. शक्य असेल तर पहिली खरेदी पावडरची न करता लम्पची, म्हणजे ढेकळांची करा. ढेकूळ हातोड्याने फोडा आणि उन्हात फिरवून बघा. फेल्डस्पार दोन दिशांना जवळजवळ काटकोनात फुटतो, त्यामुळे सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे पृष्ठभाग एकदम चमकतात आणि थोडं फिरवलं की एकदम विझतात. गारगोटी शिंपल्यासारखी वळणदार फुटते, तिला असा सपाट भाग नसतो. दोन्ही साध्या चाकूने ओरखडत नाहीत, म्हणून ओरखड्यावर जाऊ नका, फुटण्यावर जा. काळे पापुद्रे म्हणजे काळं अभ्रक, काळ्या दांड्या म्हणजे टूर्मलीन, तांबूस गोल दाणे म्हणजे गार्नेट. तिन्ही भाजल्यावर डाग देणार. दुधी, मऊ, बोटाला पीठ लागणारा तुकडा असेल तर तो हवामानाने कुजलेला आहे. फिकट गुलाबी रंगाला मात्र घाबरू नका. तो अगदी सूक्ष्म लोहाचा असतो, आणि पुष्कळदा असा माल भाजल्यावर स्वच्छ पांढरा निघतो.

लम्प पास झाला तरी भाजून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नमुना 200 मेशच्या चाळणीतून जाईल इतका दळा, थोड्या पाण्याने किंवा डिंकाच्या पाण्याने लहान बटण पाडा, आणि तुमच्याच भट्टीत तुमच्याच तापमानाला, आधी पसंत केलेल्या नमुन्याच्या बटणाशेजारी ठेवून भाजा. पोटॅशचं बटण कडा गोल करून, दुधी काचेसारखं होऊन, बरंचसं उभं राहतं. सोड्याचं बटण जास्त बसतं आणि अधिक पारदर्शक दिसतं. काळे ठिपके मोजा. फुगे आलेले असतील तर अभ्रक किंवा चुनखडीचा संशय घ्या. पोटॅश म्हणून दिलेल्या मालाचं बटण पार पसरलं तर त्यात सोडा मिसळलेला आहे. हे सगळं एका भट्टीत कळतं.

प्रयोगशाळेचा कागद कसा वाचायचा तेही दाखवतो, कारण विकणारा ‘फेल्डस्पार’ म्हणतो आणि त्यात गारगोटी किती हे सांगत नाही. समजा कागदावर सिलिका 73.5, अ‍ॅल्युमिना 14.4, पोटॅश (पोटॅशियम ऑक्साइड) 9.3 आणि सोडा (सोडियम ऑक्साइड) 2.6 टक्के आहे. शुद्ध पोटॅश फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम ऑक्साइड 16.9 टक्के असतं, म्हणून 9.3 ला 16.9 ने भागा: 55 टक्के पोटॅश फेल्डस्पार. शुद्ध अल्बाइटमध्ये सोडियम ऑक्साइड 11.8 टक्के, म्हणून 2.6 भागिले 11.8: 22 टक्के सोडा फेल्डस्पार. बेरीज 77. उरलेले जवळजवळ 23 टक्के गारगोटी. पडताळा अ‍ॅल्युमिनाने घ्या: पोटॅश फेल्डस्पारमध्ये ते 18.4 टक्के, अल्बाइटमध्ये 19.4, 55 आणि 22 भागांचे मिळून 14.4 येतात, म्हणजे हिशेब जुळला. अ‍ॅल्युमिना याहून बरंच जास्त असतं तर माती किंवा अभ्रक मिसळल्याची शंका. उदाहरणातल्यासारखा गारगोटी मिसळलेला माल टाकाऊ नाही, पण तो फेल्डस्पारच्या भावाने घेऊ नये, आणि घेतला तर कृतीतली गारगोटी तेवढी कमी करावी. भाजल्यावरची घट अर्धा टक्क्याहून फार जास्त असेल तर कुजलेला माल किंवा चुनखडी आहे. चांगल्या पोटॅश मालात पोटॅश 11 ते 12 टक्के मिळतं.

कुजलेला म्हटलं, पण हे कुजणंच तुमच्या दुसऱ्या कच्च्या मालाची जननी आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, फेल्डस्पारमधले पोटॅशियम-सोडियम-कॅल्शियम धुऊन नेतं, आणि मागे राहते ती चिनी माती. सिंधुदुर्गात ती मिळते, कारण तिथे जुने फेल्डस्पारयुक्त खडकही आहेत आणि मुसळधार पाऊसही. तोच पाऊस बेसाल्टवर पडला की कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीला जांभा होतो. घाटाच्या पूर्वेला पाऊस कमी, धुपणी अर्धवट. तिथे बेसाल्टची काळी, फुगणारी-भेगाळणारी माती होते, आणि प्लेजिओक्लेजमधून सुटलेल्या कॅल्शियमचा काही भाग तिच्यात चुनखडीचे खडे होऊन बसतो. विहीर खणताना लागणारा मुरूम ही याच प्रवासातली मधली पायरी.

इथे शेतकऱ्यांकडून नेहमी येणाऱ्या एका शंकेचं उत्तर देतो. पोटॅश फेल्डस्पारमध्ये इतकं पोटॅश आहे, आणि देश पोटॅश खत आयात करतो, तर ही पावडर शेतात का टाकू नये? कारण ते पोटॅश जाळीत पक्कं अडकलेलं असतं आणि एका हंगामात पिकाला मिळेल इतकं सुटत नाही. ‘पोटॅशयुक्त दगडपूड’ म्हणून कोणी खताच्या भावाने विकत असेल तर घेऊ नका.

तुमच्या प्रश्नात नसलेला, पण मला सर्वांत जास्त काळजीचा विषय धुळीचा. फेल्डस्पारच्या पावडरीत गारगोटीची बारीक धूळ जवळजवळ नेहमीच असते, आणि ती फुफ्फुसात साठून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढत राहतो. ब्यावरच्या दळण-गिरण्यांत आणि राजस्थानच्या दगडखाणींत हजारो कामगारांनी ही किंमत मोजली आहे, आणि त्या राज्याला 2019 मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. स्वस्त पावडरीच्या भावात कुणाचं तरी आयुष्य गेलेलं असतं, म्हणून पुरवठादाराच्या गिरणीत धूळ ओढणारी यंत्रणा आहे का हे मी भाव विचारण्याआधी विचारतो, तुम्हीही विचारा. तुमच्याकडे दळण पाण्यात, बॉल मिलमध्येच करा. पोती कोरड्या जागी झटकू नका, जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वजन करणाऱ्या माणसाला साधा रुमाल नको, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क द्या आणि वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढून घ्या. हा खर्च यंत्रांच्या यादीतच धरा, नंतर कोणी धरत नाही.

भावाबद्दल एक बदल लक्षात असू द्या. 2015 मध्ये फेल्डस्पार गौण खनिजांत गेला होता आणि त्याचे नियम राज्यांच्या हाती होते. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने फेल्डस्पार, गारगोटी, अभ्रक आणि बॅराइट ही खनिजं पुन्हा प्रमुख खनिजांत घेतली. कारण पेग्मटाइटच आहे: ज्या शेवटच्या रसात पोटॅशियम गोळा होतं, त्यातच लिथियम, बेरिलियम, नायोबियम, टँटलमही येतात, आणि फेल्डस्पार काढताना त्यांची नोंदच होत नसे. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे. पण खाणींची कागदपत्रं बदलण्याच्या काळात पुरवठा मागेपुढे होऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षी एकाच खाणीवर विसंबू नका. दोन ठिकाणचे नमुने बटण करून, लेबल लावून जपून ठेवा, आणि प्रत्येक ट्रक आला की रिकामा करण्याआधी त्याचं बटण जुन्या बटणाशेजारी भाजून बघा.